विल्यम क्लाइन : गर्दीत शिरलेला कॅमेरा

आज मी विल्यम क्लाइन या फोटोग्राफर-दिग्दर्शकाबद्दल बोलणार आहे. रेडिओवरून फोटो दाखवता येत नाही, म्हणून त्यांचा सर्वांत गाजलेला फोटो आधी शब्दांत सांगतो. न्यूयॉर्कमधला १०३ नंबरचा रस्ता, गेल्या शतकातलं सहावं दशक. एका मुलाने पिस्तूल थेट कॅमेऱ्यावर रोखलंय. ते इतकं जवळ आहे की धूसर दिसतं, आणि त्यामागे संतापाने पिळवटलेला चेहरा. शेजारी एक लहानगा शांतपणे उभा आहे. बघताना अंगावर काटा येतो. मग कळतं की पिस्तूल खेळण्यातलं होतं, आणि ‘जरा दरारा दाखव’ असं क्लाइन यांनीच त्या मुलाला सुचवलं होतं.

मग हा फोटो खोटा म्हणायचा का? क्लाइन यांच्याभोवतीचा बराचसा वाद याच प्रश्नापाशी येऊन थांबतो. त्या काळी फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा मोठा दबदबा होता. फोटोग्राफरने कुणाच्या नजरेत भरू नये, फ्लॅश वापरू नये, नेमका क्षण टिपून निघून जावं, ही त्यांची शिस्त. क्लाइन यांनी ती धुडकावली. वाइड अँगल लेन्स घेऊन ते माणसांच्या अगदी तोंडाशी जात, त्यांच्याशी बोलत, त्यांना डिवचतही. फोटो हलला, तिरका आला, दाणेदार झाला, तरी तो टाकून देत नसत. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं. कॅमेरा समोर आला की माणूस बदलतोच, आणि क्लाइन यांनी तो बदल लपवला नाही. पिस्तूलवाला आणि शांत मुलगा, दोघांत मीच आहे, असं ते म्हणत.

त्यांचा जन्म १९२६चा, न्यूयॉर्कमधल्या ज्यू कुटुंबातला. सैन्यातून ते युरोपात गेले, पॅरिसमध्ये स्थायिक झाले आणि काही काळ फेर्नां लेजे या चित्रकाराकडे शिकले. १९५४मध्ये ते न्यूयॉर्कला परतले ते ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या पाठबळावर. पण तिथे काढलेले फोटो ना ‘व्होग’ने छापले, ना कुणा अमेरिकी प्रकाशकाने. आपलं शहर इतकं ओबडधोबड दिसलेलं त्यांना पसंत नव्हतं. अखेर १९५६मध्ये पॅरिसच्या ‘सय’ या प्रकाशनसंस्थेने त्या फोटोंचं पुस्तक काढलं. पुढे दिग्दर्शक म्हणून नावाजलेले क्रिस मार्कर तेव्हा तिथे काम करत, त्यांनी ते लावून धरलं. पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाला फ्रान्सचा नादार पुरस्कार मिळाला.

फोटोग्राफीतून सिनेमाकडे येण्याची सुरुवात १९५८च्या ‘ब्रॉडवे बाय लाइट’ने झाली. त्यात ब्रॉडवेवरच्या जाहिरातींचे दिवे आहेत, दुसरं जवळजवळ काहीच नाही. पुढे १९६६मध्ये ‘पॉली मागू’ हा चित्रपट आला. दहा-एक वर्षं ज्या फॅशनच्या दुनियेने पोटाला दिलं, तिचीच त्यात टर उडवलेली आहे. पहिल्याच प्रसंगात मॉडेल मुली धातूच्या पत्र्यांचे कपडे घालून येतात आणि जाणकार मंडळी धन्य धन्य होतात. १९६९चा ‘मिस्टर फ्रीडम’ हा अमेरिकी दादागिरीवरचा चित्रपट मात्र मला थोडा कर्कश वाटतो. राग खरा आहे, पण तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ओरडतो.

खरे क्लाइन भेटतात ते माहितीपटांत. १९६४मध्ये कॅशियस क्ले आणि सनी लिस्टन या बॉक्सरांची लढत चित्रित करायला ते मायामीला निघाले. विमानात त्यांची जागा नेमकी क्ले यांच्या जवळचे कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांच्या शेजारी आली. गप्पा रंगल्या आणि क्ले यांच्या गोटात शिरणं सोपं झालं. त्या चित्रपटातला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. क्ले यांच्यावर पैसा लावणारे, त्यांच्याच लुइव्हिल गावचे गोरे धनिक एकेक करून कॅमेऱ्यासमोर येतात आणि आपल्या या खेळाडूबद्दल बोलतात. क्लाइन वरून एक शब्दही जोडत नाहीत. नुसते चेहरे दिसतात, आणि तेवढ्यावर कोण कुणाला विकत घेऊ पाहतंय ते लख्ख कळतं. दहा वर्षांनी, १९७४मध्ये, ते आफ्रिकेत किन्शासाला गेले. क्ले आता मुहम्मद अली झाले होते आणि समोर जॉर्ज फोरमन होते. पहिला भाग कृष्णधवल, हा रंगीत. दोन्ही जोडून अलींवरचा पूर्ण चित्रपट तयार झाला.

क्लाइन १० सप्टेंबर २०२२ रोजी पॅरिसमध्ये वारले, वयाच्या ९६व्या वर्षी. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या साऱ्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलेलं होतं.

तुम्हाला त्यांचं काम पाहायचं असेल, तर सुरुवात अलींच्या चित्रपटापासून करा. बॉक्सिंगची आवड नसली तरी चालेल. ठोशांपेक्षा रिंगभोवती जमलेल्या माणसांकडे लक्ष ठेवा, क्लाइन यांचा कॅमेराही बराच वेळ तिकडेच वळलेला असतो.