वर्तनशास्त्राचे शिक्षण आणि आपली मुले
(कामगार अभ्यास शिबिरातील भाषण)



रनिंग स्टाफमधल्या बांधवांना 'सायको' हा शब्द नवा नाही. सहायक लोको पायलटच्या भरतीत संगणकावर ही चाचणी द्यावी लागते. प्रत्येक भागात किमान ४२ टी-गुण हवेत. एका भागात कमी पडला की उमेदवार बाद. म्हणजे वर्तनशास्त्र आपल्या दारी आले ते चाळणी घेऊन. चाळणी हवीच, मागे हजारो प्रवासी बसलेले असतात. पण कोणी इंजिनापुढे उडी टाकली आणि ब्रेक लावूनही गाडी थांबली नाही, तर त्या रात्री चालकाजवळ बसून त्याचे ऐकून घेणे हेही याच शास्त्राचे काम आहे. ते करणारी माणसे फार थोडी आहेत.

आपल्या घरातली मुलगी मानसशास्त्र किंवा समाजकार्य घेते म्हणाली की पहिला प्रश्न येतो, नोकरी कुठे मिळणार? प्रश्न रास्त आहे. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक, एचआयव्ही समुपदेशक, बालगृह, व्यसनमुक्ती केंद्र, अपंग पुनर्वसन, कामगार कल्याण अशी ही क्षेत्रे आहेत. पगार सगळीकडे चांगला नाही, पुष्कळ जागा कंत्राटी आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हे शिक्षण आपल्याला परकेही नाही. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. तिचीच पुढे टाटा समाज विज्ञान संस्था झाली. १९४८च्या कारखाने कायद्याने पाचशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हा अशा शिकलेल्या माणसांची गरज कायद्यातच आली.

या अभ्यासात नेमके शिकतात काय? दारुड्या माणसाला उपदेश करायला नातेवाईक पुरेसे आहेत. शिकायचे असते ते हे की तो कधी पितो, कोणाबरोबर पितो, पगाराच्या दिवशी काय होते, सुटल्यावर पुन्हा कशाने सुरू होते. आधी पाहायचे, मग विचारायचे, लिहून ठेवायचे, आणि आपला ग्रह बाजूला ठेवायचा. बीटवरचा जुना पोस्टमन यातले निम्मे अनुभवाने जाणतो. कोणत्या घरी मनिऑर्डरीची वाट पाहत म्हातारी बसली आहे हे त्याला सांगावे लागत नाही. अभ्यासाने त्या जाणिवेला शिस्त येते.

मात्र एक गोष्ट आपल्या मुलांनी पहिल्या वर्षीच वाचावी. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता. तिथे १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. हार्वर्डच्या एल्टन मेयो यांच्यामुळे ते जगभर गाजले. आपुलकीने वागवले की कामगार जास्त काम करतो, असा त्याचा बोध सांगितला जातो. पण रिले जोडणाऱ्या मुलींच्या खोलीतून दोघींना फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून काढून दुसऱ्या आणल्या होत्या, हे क्वचितच सांगतात. कंपनीने वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या आणि १९३६ पासून समुपदेशकही नेमले. समुपदेशकाने ऐकायचे, तक्रारीवर उपाय करणे त्याच्या हाती नव्हते. ऐकून घेतल्याने मन हलके होते, खरे आहे. पण ड्यूटीचे तास तेवढेच राहिले तर ते हलकेपण किती दिवस टिकणार? म्हणून मी म्हणतो, हे शास्त्र कामगारांच्या घरातल्या मुलांनी शिकावे. तास आणि ताण यांचा संबंध त्यांना पुस्तकात शोधावा लागत नाही.

आता व्यवहाराचे. मानसशास्त्रात बी.ए. झाले म्हणजे कोणी चिकित्सक होत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम आणि परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशक, वैद्यकीय व मनोविकार समाजसेवक यांचा समावेश २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात केला आहे. तीन महिन्यांत समुपदेशक करून देतो अशा जाहिराती गल्लोगल्ली दिसतात. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून तिथे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: मान्यता कोणाची, आणि विद्यार्थ्याला क्षेत्रकार्यासाठी आठवड्यातून किती दिवस, कुठे पाठवता? समाजकार्याच्या चांगल्या महाविद्यालयात विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात प्रत्यक्ष जातो, अहवाल लिहितो, आणि शिक्षक तो तपासून परत देतात. ज्या संस्थेला हे सांगता येत नाही, तिची पावती फाडू नका.