एक दशांश सेकंदाचा हिशेब

युद्धसाहित्याचा कारखाना म्हटला म्हणजे धगधगणाऱ्या भट्ट्या आणि तोफगोळ्यांच्या राशी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. अमेरिकेंतील आजच्या अशा कारखान्यांत मात्र फार मोठा वर्ग टेबलाशीं बसून लिहिणाऱ्यांचा आहे. विमान, रडार अथवा क्षेपणास्त्र यांच्या पोटांत जो संगणक असतो, त्यानें केव्हां काय करावें याच्या आज्ञा हा वर्ग लिहितो. या आज्ञावलीला सॉफ्टवेअर म्हणतात व ती लिहिणाऱ्यास प्रोग्रॅमर. एफ-३५ या लढाऊ विमानांत अशा आज्ञांच्या ८० लाखांहून अधिक ओळी आहेत, असें तें बनविणारी लॉकहीड मार्टिन ही कंपनी सांगते. एवढ्यावरून या लेखनाचा पसारा ध्यानांत यावा.

या माणसाचा दिनक्रम बाहेरून पाहणाऱ्यास नीरसच वाटेल. गुप्त काम हातीं देण्यापूर्वीं सरकार त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी करतें. कामाच्या दालनांत शिरतांना मोबाईल दाराबाहेर ठेवावा लागतो, आणि दिवसभर काय केलें हें रात्रीं जेवतांना घरच्यांना सांगण्याची सोय नसते. कामाचेहि लहान लहान तुकडे पाडलेले असतात. एक जण घड्याळाचा हिशेब लिहितो, दुसरा रडारवरील खुणांचा, तिसरा पडद्यावर उमटणाऱ्या अक्षरांचा. संपूर्ण यंत्र कोणा एकाच्या डोक्यांत मावत नाहीं. यंत्र कोठें वापरलें जाईल आणि किती वेळ चालेल, हेंहि प्रोग्रॅमर ठरवीत नाहीं. लष्कर आपली गरज कागदावर मांडतें, कंपनी ती मान्य करते, आणि त्या कागदाबरहुकूम लिहिलें कीं प्रोग्रॅमरचें कर्तव्य संपलें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत किती अपुरी आहे, हें १९९१ च्या आखाती युद्धांतील एका घटनेवरून कळून येतें.

शत्रूचें अस्त्र आकाशांतच गांठून पाडणारी पेट्रियट नांवाची यंत्रणा रेथिऑन या कंपनीनें अमेरिकन लष्करासाठीं बनविली. मूळ योजनेप्रमाणें तिची गांठ युरोपांत सोव्हिएट विमानांशीं पडावयाची होती. शत्रूस ठावठिकाणा लागूं नये म्हणून ती एका जागीं कांहीं तासच चालवावी व मग दुसरीकडे हलवावी, असें गृहीत धरलें होतें. प्रत्यक्षांत तिला सौदी अरेबियांत एकाच जागीं दिवसचे दिवस उभें राहावें लागलें, आणि गांठ पडली ती इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांशीं. त्यांचा वेग सेकंदास दीड हजार मीटरांहून अधिक होता.

या यंत्रणेची रीत अशी. रडारला एखादें अस्त्र दिसलें कीं संगणक त्याचा वेग आणि लोटलेला वेळ यांवरून पुढच्या क्षणीं तें कोठें असेल याचा अंदाज बांधतो, आणि आकाशाच्या तेवढ्याच भागांत पुन्हा पाहिलें जातें. तेथें कांहीं दिसलें तर पाठलाग चालू राहतो. न दिसलें तर पहिली खूण खोटी समजून सोडून दिली जाते. म्हणजे सारा भरंवसा घड्याळावर. यंत्र सुरू केल्यापासून लोटलेला वेळ हा संगणक सेकंदाच्या दशांशांत मोजी, आणि त्या संख्येस एक दशांशानें गुणून सेकंद काढी.

घोटाळा येथेंच होता. रुपयाचे तीन सारखे वांटे करूं गेल्यास तेहतीस-तेहतीस पैशांचे तीन वांटे होतात आणि एक पैसा हातांत उरतो. शून्य आणि एक या दोनच अंकांत हिशेब करणाऱ्या संगणकाला एक दशांश ही संख्या अशीच पुरी मांडतां येत नाहीं. ती कोठें तरी तोडावी लागते. पेट्रियटमध्यें ती २४ स्थानांवर तोडली जात असे. त्यामुळें दर दशांशामागें पडणारी तूट सेकंदाच्या एक कोटाव्या हिश्शाएवढी होती. कांहीं तासांत तिचा उपद्रव जाणवला नसता. पण १०० तासांत सेकंदाचे दशांश ३६ लाख होतात, आणि तूट सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शावर जाते. तेवढ्या अवधींत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें गेलेलें असतें. शिवाय पुढें केलेल्या सुधारणांत अधिक अचूक हिशेब कांहीं ठिकाणीं घातला गेला होता व कांहीं ठिकाणीं घालावयाचा राहिला होता. दोन्हीकडे सारखीच तूट असती तर वजाबाकींत ती बहुतांशीं नाहींशी झाली असती. अर्धवट दुरुस्तीनें ती उघडी पडली.

हा दोष कोणालाच ठाऊक नव्हता असें नव्हे. इस्रायलनें ११ फेब्रुवारी १९९१ रोजीं आपल्या नोंदींवरून कळविलें होतें कीं आठ तास सतत चालल्यावर यंत्राची नजर ढळूं लागते. त्यावर सुधारलेलें सॉफ्टवेअर १६ तारखेस तयार होऊन निघालेंहि. २१ तारखेस सर्व तुकड्यांना संदेश गेला कीं यंत्र फार वेळ सतत चालविल्यास नजर ढळण्याचा संभव आहे. मात्र ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हें संदेशांत सांगितलें नव्हतें. यंत्र इतका वेळ कोणी चालवीतच नसेल, असा अधिकाऱ्यांचा समज होता.

धाहरान येथील तुकडीचें यंत्र २५ फेब्रुवारीस १०० तासांहून अधिक काळ सतत चालूं होतें. त्या रात्रीं आलेलें स्कड त्याला गांठतां आलें नाहीं आणि तें सैनिकांच्या निवासावर कोसळलें. २८ सैनिक मेले, सुमारें १०० जखमी झाले. मृतांपैकीं १३ जण पेनसिल्व्हेनियांतील ग्रीन्सबर्ग गांवच्या एका राखीव पथकाचे होते. सैन्यासाठीं पाणी शुद्ध करणें हें या पथकाचें काम, आणि सौदी अरेबियांत येऊन त्याला अवघे सहा दिवस झाले होते. सुधारलेलें सॉफ्टवेअर धाहरानला २६ तारखेस पोंचलें.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलें असतें, तर घड्याळ शून्यावर येऊन सारी तूट नाहींशी झाली असती. त्याला एक-दीड मिनिट पुरलें असतें.

यावर प्रोग्रॅमरच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. ज्या वापराची कल्पनाच त्याला दिली गेली नाहीं, त्याचा जाब त्याला कां विचारावा? तूट कांहीं तासांपुरती निरुपद्रवी होती, आणि कांहीं तासांचाच करार होता. हें म्हणणें न्यायाचें आहे. एका माणसावर दोष ठेवणें अन्यायाचेंच होईल. पण करार कपाटांत राहतो आणि यंत्र रणांगणावर जातें. लिहिणाऱ्यानें मनांत धरलेली मर्यादा यंत्रावर कोठेंहि कोरलेली नसते. ती हातोहात पुढें गेली नाहीं, तर कळ दाबणाऱ्या सैनिकास ती ठाऊक होण्याचा दुसरा मार्गच नाहीं.

म्हणून या व्यवसायांत आज्ञा बिनचूक लिहिणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच आपण काय गृहीत धरलें आहे तें नेमक्या आंकड्यांत सांगणें महत्त्वाचें आहे. गुप्ततेच्या भिंती, कामाचे तुकडे आणि अधिकाराच्या पायऱ्या यांतून तो आंकडा शेवटच्या माणसापर्यंत पोंचविण्याचें काम कोणत्याहि करारांत लिहिलेलें नसलें, तरी तें कोणीं तरी करावेंच लागतें. ‘आठ तासांनीं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावें’ एवढें एक वाक्य २१ फेब्रुवारीच्या त्या संदेशांत असतें, तर ग्रीन्सबर्गच्या त्या तेरा जणांचीं घरें कदाचित् उजाड झालीं नसतीं.