देवगिरीच्या अंधारीत बावीस जणी

चहा झाला का? हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज मी भीतीविषयी बोलणार आहे. भुताची गोष्ट सांगणार नाही, उलट भीती कशी बनवतात ते सांगणार आहे.

जत्रेत भूतबंगला असतो, तुम्ही पाहिलाय. पत्र्याची खोली, दाराला काळा पडदा, आत मिणमिणता लाल दिवा, लोंबणारा सांगाडा आणि मुखवटा घालून अंगावर धावून येणारा पोरगा. आपली लेकरं पैसे देऊन आत जातात, किंचाळतात आणि बाहेर येऊन म्हणतात, "आई, अजून एकदा जाऊ दे ना." शहरात मोठ्या मुलांसाठी याचेच मोठे खेळ निघालेत. तासभर अंधाऱ्या खोलीत कोंडून घ्यायचं आणि खुणा शोधत वाट काढायची. अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाचं शहर आहे. तिथला एक जुना तुरुंग 1971 साली बंद झाला. आता त्या कोठड्यांमध्ये दरवर्षी भीतीचा खेळ भरतो आणि लोक तिकीट काढून जातात.

आपल्याला मात्र एवढं लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगरपासून 15 किलोमीटरवर, वेरूळच्या रस्त्याला, दौलताबादचा म्हणजे देवगिरीचा किल्ला आहे. त्यात 'अंधारी' नावाची वाट आहे. डोंगराच्या पोटात खोदलेली, वळणं घेत वर चढणारी काळोखी वाट. ती करमणुकीसाठी केलेली नव्हती. आत शिरलेला शत्रू घाबरावा, चुकावा आणि तिथेच संपावा म्हणून केलेली होती.

आपण घृष्णेश्वराला जातो, खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातो, तेव्हा हा किल्ला गाडीच्या खिडकीतून बघतो आणि हात जोडून पुढे निघतो. मागच्या थंडीत आमच्या गटातल्या बावीस जणींनी ठरवलं की या वेळी आधी किल्ला, मग देव. सकाळी लवकर दोन काळी-पिवळी करून निघालो. सगळ्यात लहान एकोणीस वर्षांची सून होती आणि सगळ्यात मोठ्या आक्का साठी ओलांडलेल्या.

खालचे दरवाजे, भारतमातेचं मंदिर, चांदमिनार बघत आम्ही खंदकापाशी आलो. डोंगराच्या कडा चहूबाजूंनी तासून उभ्या भिंतीसारख्या केल्यात. खाली खडकात कोरलेला खोल खंदक. पलीकडे जायला एकच अरुंद पूल आणि त्याच्या पुढे अंधारी. पूर्वी वर जायचं तर तिच्यातूनच.

आमच्याबरोबरचा गाईड मोठा हुशार. दाराशी थांबून म्हणाला, "मावशी, आता तुम्ही पाहुण्या नाहीत. तुम्ही शत्रूची फौज. किल्ला जिंकायचाय. चला." आणि आत गेल्यावर त्यानं टॉर्च बंद केली.

बायांनो, डोळे उघडे की मिटलेले, काही कळेना. वटवाघळांचा उग्र वास, डोक्यावर त्यांची फडफड. पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी. त्यामुळे पायाला सवयच लागत नाही. हात भिंतीला लावला तर भिंत ओली गार. थोडं गेलं की वळण, परत वळण. आपण कुठून आलो आणि तोंड कुणीकडे आहे, काही उमगत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "माय, मी नाही येत पुढं." एकीला हुंदका फुटला.

मग गाईड अंधारातच सांगू लागला. बाहेरच्या उन्हातून माणूस एकदम आत आला की डोळे काही वेळ कामच करत नाहीत. तेवढ्यात वार करायचा. वाट एका जागी फुटते आणि पुढे परत एक होते, म्हणजे शत्रूचेच दोन गट समोरासमोर येऊन एकमेकांना कापणार. एकीकडे उजेड दिसतो, जीव तिकडे धावतो, आणि तिथून माणूस थेट खंदकात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण. त्यावर निखारे पेटवले की सगळी वाट धगीनं आणि धुरानं भरून जायची.

तो बोलत असताना एक गोष्ट झाली. पुढे असलेल्या आक्का ओरडल्या, "पायरी! मोठी हाय!" मागचीनं तेच तिच्या मागचीला सांगितलं. तसं ते शेवटच्या बाईपर्यंत गेलं. "वळण डावीकडं!" परत तोच निरोप मागं. प्रत्येकीनं पुढचीचा पदर धरलेला. रडणारी सून मधोमध घेतली. टॉर्च बंदच होती, तरी पाय पडायला लागले. वर उजेडात आलो तेव्हा गाईड हसून म्हणाला, "फौजेनं किल्ला घेतला की!"

त्या दिवशी झाडाखाली भाकरी खाताना आम्ही यावरच बोलत बसलो. अंधारीत भूत नव्हतं. मग भीती कशाची वाटली? आम्ही मोजून काढलं. उजेड नाही. वाट माहीत नाही. बरोबरची माणसं दिसत नाहीत. आणि खोटा उजेड दाखवून भलतीकडे नेणारी जागा आहे. या चार गोष्टी कुणीतरी विचार करून बसवल्या होत्या. म्हणजे भीती तयार करता येते. आणि जी तयार करता येते, ती खोलूनही बघता येते.

आता गावाकडचं सांगते. एका वस्तीवर जायच्या वाटेत चिंचेचं झाड आहे. तिथं तिन्हीसांजेनंतर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, अशी आवई उठली. दोन मुलींचा शिकवणीचा वर्ग बंद झाला. घरचे म्हणाले, राहू दे, नको ते अंगाला लागायचं. गटाच्या बैठकीत आम्ही हीच चार कलमं लावून बघितली. उजेड? खांबावरचा दिवा कित्येक महिने गेलेला. माणसं? सातनंतर त्या वाटेला कुणीच नाही. आणि त्या चिंचेखाली रोज काय चालतं? पत्ते आणि दारू. बायामाणसांनी तिकडे फिरकू नये, यात कुणाचा फायदा होता ते सांगायला नको. तिथं धोका होता, पण तो पांढऱ्या लुगड्यातल्या बाईचा नव्हता. भुताच्या नावाखाली खरा धोका झाकला गेला आणि शिक्षण मात्र पोरींचं थांबलं. गटानं ग्रामपंचायतीत लेखी अर्ज दिला, पोच घेतली, ग्रामसभेत पंधरा जणी उभ्या राहिल्या. दिवा लागला. चार आया आळीपाळीनं मुलींना आणायला जाऊ लागल्या. वर्ग परत सुरू झाला.

खोट्या उजेडाचंही सांगायला हवं. घरात आजारपण आलं, सून गप्प गप्प राहायला लागली की कुणीतरी सांगतं, अमक्या बाबाकडे ने, तो बाधा उतरवतो. घाबरलेल्या माणसाला तोच उजेड वाटतो. पण भूत उतरवायच्या नावाखाली बाईला मारणं, साखळीनं बांधणं, चटके देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत कैद आणि 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत दंड आहे. असं काही चाललेलं दिसलं तर 112 वर फोन करा. महिलांसाठी 181 हा क्रमांक आहे. आणि गप्प झालेल्या सुनेला आधी दवाखान्यात न्या, तिच्याशी बोला.

आता किल्ल्याची राहिलेली गोष्ट. एवढी भयंकर वाट असलेला किल्ला पडला कसा? 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा इथं रामदेवराय यादव राज्य करत होता. वेढा पडला. आत पोती रचलेली होती म्हणून धीर होता. पण पोती फोडली तर धान्याऐवजी मीठ निघालं, असं सांगतात. पुढे 1633 साली मोगलांचा सरदार महाबतखान यानं वेढा घातला. किल्ला मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याच्या ताब्यात होता. आत उपासमार झाली आणि त्यानं किल्ला सोडून दिला. शत्रूला घाबरवायची सगळी तयारी होती, पण भांड्यात दाणा नव्हता. आपल्या गटातल्या बायकांना हे लगेच पटलं. एक जण म्हणाली, "म्हंजी पोतं दर महिन्याला उघडून बघाया पायजे." आमच्या गटात आता दर बैठकीला शिल्लक मोठ्यानं वाचून दाखवतात, ते त्या दिवसापासून.

तुम्हीही एकदा जाऊन या. सकाळी लवकर निघा, ऊन तापायच्या आत. वरपर्यंत सातशेहून जास्त पायऱ्या आहेत. चपला घसरणाऱ्या नकोत. दोघींत एक टॉर्च, प्रत्येकीला पाण्याची बाटली. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. वानरं फार आहेत, भाकरीचं गाठोडं सांभाळा. ज्यांना दम लागतो, गुडघे दुखतात किंवा दिवस गेलेत, त्यांनी खाली मंदिरापाशी थांबावं. त्यात कमीपणा नाही.

आणि जायला जमलं नाही, तर पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येकीनं आपल्याला भीती वाटते अशी एक जागा सांगायची. विहिरीची वाट असेल, बँकेचा काउंटर असेल, नाहीतर घरातलीच एखादी खोली. मग सगळ्यांनी मिळून विचारायचं: इथं उजेड हवा आहे, माहिती हवी आहे, सोबत हवी आहे की पोलीस? उत्तर वहीत लिहा आणि कोणतं काम कुणी करायचं तेही लिहा. घरातल्या खोलीचं नाव घेणारी बाई असेल, तर तिला सगळ्यांसमोर खोदून विचारू नका. दोघींनी नंतर तिच्याकडे जाऊन बसा.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.