फाइल उघडत नाही, पण का?

फाइल उघडायला जावे आणि पडद्यावर नुसतीच एक नकाराची ओळ यावी, हा अनुभव तुम्हां सर्वांचा आहे. फाइल न उघडण्याची नेहमीची कारणे मोजकीच असतात. ती तिथे नसते, ती वाचायची परवानगी नसते, दुसरा प्रोग्रॅम ती अडवून बसलेला असतो, किंवा जिला आपण फाइल समजलो ते फोल्डर असते. कारण तेच, पण विंडोज एक सांगते आणि लिनक्स दुसरेच. माझे म्हणणे असे की कारण एक असेल, तर सॉफ्टवेअरने सगळीकडे एकच संदेश दाखवावा.

फोल्डरचेच पाहा. पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमला फाइल म्हणून फोल्डर उघडायला सांगितले, तर लिनक्सवर उत्तर येते 'हे फोल्डर आहे', क्रमांक 21. विंडोजवर त्याच आज्ञेला उत्तर येते 'परवानगी नाही', क्रमांक 13. चूक फोल्डरचे नाव देण्यात झालेली असते, आणि बिचारा माणूस परवानग्या तपासत बसतो. 2012 साली आलेल्या पायथन 3.3ने अशा अनेक कारणांना स्वतंत्र नावे दिली, हे मोठेच काम. तरी फोल्डरची ही गफलत उरलीच. क्रमांकांवर विसंबावे, तर लिनक्समध्ये 5 म्हणजे वाचन-लेखनातला बिघाड, आणि विंडोजच्या स्वतःच्या यादीत 5 म्हणजे प्रवेश नाकारला. एकात डिस्कची काळजी करायची, दुसऱ्यात फक्त परवानगी मागायची. म्हणून पुन्हा सांगतो, कारण एक तर संदेश एक.

यावर कोणी म्हणेल, सिस्टीमच वेगळ्या, मग संदेश सारखा कसा? खरे आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेली फाइल विंडोज अनेकदा उघडू देत नाही, लिनक्स सहसा देते. तिथे कारणच वेगळे, तेव्हा संदेशही वेगळा असू द्या. जाणकारांना मूळ क्रमांक हवा असतो; तो खाली बारीक अक्षरांत छापा. आणि फाइल आहे की फोल्डर, हे आधी तपासून भागत नाही, कारण तपासणे आणि उघडणे यांच्यामध्ये परिस्थिती बदलू शकते. आधी उघडून पाहावे, नकार मिळाला की कारण शोधावे.

वेळ संपत आली, पण प्रोग्रॅमर मित्रांना एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. 'फाइल सापडली नाही' एवढेच लिहून थांबू नका. कोणती फाइल, कुठे शोधली, हे पूर्ण नावानिशी सांगा. ते नाव तुमच्या प्रोग्रॅमला ठाऊक असते. वापरणाऱ्यापासून ते लपवण्याचे काहीच कारण नाही.