जाण्याची वाट, येण्याची वाट

घरून बाजाराकडे निघालेला मनुष्य एका वाटेने जातो आणि परतताना पुष्कळदा दुसऱ्याच वाटेने येतो. त्या दोहोंपैकी एक वाट बहुधा जवळची असते. मग दोन्ही वेळा तो तिनेच का जात नाही?

प्रश्न क्षुल्लक भासतो. परंतु नगररचनाकारांना तो टाळता येत नाही. नवा चौक किंवा पादचारी पूल बांधण्यापूर्वी संगणकात शहराचा नकाशा घालून त्यावर सहस्रावधी काल्पनिक पादचारी सोडता येतात आणि गर्दी कोठे होईल, याचा अंदाज घेता येतो. मात्र या काल्पनिक माणसांना वाट निवडण्याचा काही नियम घालून द्यावा लागतो. सर्वांत सोपा नियम अर्थातच सर्वांत जवळच्या मार्गाचा.

खरा मनुष्य हा नियम पाळतो काय? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या संशोधकांनी बॉस्टन व केंब्रिज या शेजारच्या शहरांतील १४,००० हून अधिक पादचाऱ्यांच्या ५,५०,००० हून अधिक वाटा तपासल्या. खिशातील फोनने त्या नोंदल्या होत्या. नावे मात्र वगळलेली होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, मनुष्य अंतराचा हिशेब करीत नाही; गंतव्य स्थान ज्या दिशेस आहे, तिकडे तोंड असलेला रस्ता तो प्रथम धरतो. पुढे वळसा पडला तरी त्याची त्याला तमा नसते. परतताना निघण्याचे टोक बदलते, समोरचे रस्ते बदलतात आणि म्हणून वाटही बदलते. दिशेचा हा नियम दिल्यावर काल्पनिक पादचारी खऱ्यांसारखे चालू लागले.

यात केवळ कुतूहल नाही. जवळच्या मार्गाचा नियम धरून रस्ता ओलांडण्याचे पांढरे पट्टे एका गल्लीच्या तोंडाशी आखावेत आणि लोकांनी दुसऱ्या गल्लीतून यावे, असे झाल्यास त्यांना धावत्या वाहनांमधूनच पलीकडे जावे लागेल. त्यांना बेशिस्त म्हणण्यापूर्वी पट्ट्यांची जागा तपासणे न्यायाचे होय.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवली पाहिजे. ज्या वृद्धाजवळ किंवा शाळकरी मुलाजवळ असा फोन नाही, त्याची पावले या नोंदींत उमटत नाहीत. रस्ता ओलांडताना अधिक जपावे लागते ते यांनाच. यास्तव संगणकाने उत्तर दिल्यानंतरही नगररचनाकाराने घटकाभर चौकात उभे राहून माणसे कोणीकडून येतात, हे स्वतः पाहावे, हेच उचित.