लेस्टरमधली ईद
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



'परदेशातले सण' या विषयावर पाच मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलंय. मी एकाच सणाबद्दल बोलते.

तिकडे ईदची पहिली अडचण म्हणजे ईद कधी, हीच! रत्नागिरीत चंद्र दिसला की गल्लीतली पोरं ओरडत यायची, विषय संपला. ब्रिटनमध्ये आभाळ कायम भरलेलं. काही मशिदी सौदीची घोषणा धरतात, काही चंद्र दिसल्याची साक्ष मागतात. २०२५ साली काहींची ईद ३० मार्चला झाली, काहींची ३१ला. आमची ३०ला, तुमच्याकडे ३१ला. म्हणजे मी शीरखुर्मा खात होते तेव्हा इथे अम्मीचा शेवटचा रोजा चालू होता. त्याच दिवशी गुढीपाडवा, आणि त्याच पहाटे तिकडची घड्याळं एक तास पुढे गेलेली. निम्मी मशीद डोळ्यांत झोप घेऊन नमाजाला उभी होती.

रविवार होता म्हणून बरं. आदल्या वर्षी ईद बुधवारी आली. सकाळी नमाज, अकराला कामावर हजर.

शीरखुर्मा मात्र चुकत नाही. खारीक आदल्या रात्री भिजते. चारोळी सुपरमार्केटात नसते, ती बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानात मिळते. तिथल्या काकी रमजान अर्धा झाला की माझ्यासाठी पुडी बाजूला काढून ठेवतात. दूध निळ्या झाकणाचं घ्यायचं, ते सायीसकट असतं. हिरव्या झाकणाच्या दुधाचा शीरखुर्मा पाणचट होतो. शेवया तुपात बदामी परतून अगदी शेवटी घालायच्या, नाहीतर घट्ट खीर होऊन बसते. (बाई हसताहेत. गृहशास्त्रात मला काठावर पास केलं होतं त्यांनी.)

चव जमते. माणसं जमवावी लागतात.

तुम्हाला आठवत असेल, आमच्याकडे ईदला आपल्या वर्गातले चौदा-पंधरा जण यायचे. मटण न खाणाऱ्यांसाठी अम्मी शीरखुर्मा वेगळ्या चुलीवर करायची, वाट्याही वेगळ्या ठेवायची. कुणी तसं सांगितलं नव्हतं. ती आजही तेवढीच खारीक भिजवते. येणारे कमी झालेत. कुणी पुण्याला गेलं, कुणी मुंबईला. काही जण गावातच आहेत, पण जाणं सुटलंय. का सुटलं, ते आज इथे उगाळत नाही. तुम्हाला माहीत आहे, मलाही. अम्मी त्याबद्दल बोलत नाही. फोनवर फक्त विचारते, "तुमच्या वर्गातला तो डॉक्टर बरा आहे ना?" त्याचा दवाखाना आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे.

येत्या मार्चमध्ये ईद आहे. मी लेस्टरला असेन. आपल्यापैकी अकरा जण रत्नागिरीत राहतात, आजच्या यादीत मी मोजलेत. आधी फोन करायची गरज नाही. दहानंतर कधीही जा. वाट्या त्याच आहेत.