आकडा शून्यावर आल्यानंतर

(मंचाच्या अबुधाबी येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय आहे 'स्त्रियांचं आरोग्य आणि आपण परदेशस्थ'. माझं संशोधन पाण्यातल्या जिवाणूंवर चालतं, त्यामुळे मी डॉक्टर असले तरी तुम्हाला औषध लिहून देणारी डॉक्टर नव्हे. तरीही मी आज बोलायला उभी राहिले, कारण २०१९ साली इथेच, अबुधाबीत, मला अस्थानिक गर्भधारणा झाली होती. त्या वेळी मी अडतीस वर्षांची होते आणि आम्हाला सहा वर्षांची एक मुलगी होती. झालेल्या गोष्टीला आता बरीच वर्षं लोटली. या विषयावर आपल्या मंडळींत कुणी मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून मी बोलते.

आधी थोडी माहिती. गर्भ गर्भाशयाच्या पोकळीत न रुजता दुसरीकडे कुठे रुजला, की तिला अस्थानिक किंवा एक्टोपिक गर्भधारणा म्हणतात. दर शंभर गर्भधारणांमध्ये साधारण एक ते दोन अशा असतात. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक गर्भनलिकेत असतात. माझी त्यातही दुर्मिळ होती, इंटरस्टिशियल नावाची. गर्भनलिका गर्भाशयाला जिथे मिळते तिथे तिचा एक छोटा तुकडा गर्भाशयाच्या जाड भिंतीतून जातो. गर्भ त्या तुकड्यात अडकला होता. अस्थानिक गर्भधारणांपैकी अवघ्या दोन ते चार टक्के या प्रकारच्या असतात. भिंत स्नायूंची असल्याने ती बराच काळ ताणली जाते, त्यामुळे त्रास उशिरा जाणवतो. आणि तिथला रक्तपुरवठा भरपूर असल्याने, फुटली तर रक्तस्राव फार मोठा होतो. सोनोग्राफीतही ती सहज फसवते, कारण वरवर पाहता गर्भ गर्भाशयातच असल्यासारखा दिसतो.

असा गर्भ उचलून योग्य जागी ठेवता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला तीन जणींनी तसं विचारलं, आणि त्यांतली एक इंजिनिअर होती.

उपचारच केला नाही तर काय होतं? नलिका फुटू शकते आणि बाई दगावू शकते. क्वचित काही वेगळंही घडतं. २०१४ साली नागपूरच्या डॉक्टरांनी साठीच्या एका बाईच्या पोटातून गर्भाचा सांगाडा काढला. बाई मध्य प्रदेशातल्या एका खेड्यातली. १९७८ साली तिची अस्थानिक गर्भधारणा लक्षात आली होती, पण ऑपरेशनला घाबरून ती गावी परत गेली. पुढे काही महिन्यांनी दुखणं थांबलं, आणि छत्तीस वर्षं तो सांगाडा तिच्या पोटात राहिला. ही बातमी आपल्याकडे 'अजब' या सदरात छापून आली. मी ती आजारपणात पुन्हा वाचली तेव्हा मला त्यात अजब काही दिसलं नाही. एक घाबरलेली बाई दिसली, जिला समजेल अशा भाषेत कुणी काही सांगितलं नसावं. आपल्या हातात विम्याचं कार्ड आहे, पाच मिनिटांवर हॉस्पिटल आहे. भीती मात्र तीच असते.

माझं निदान सातव्या आठवड्यात झालं. पोटात उजवीकडे बारीक दुखत होतं आणि थोडा रक्तस्राव होता. नलिका फुटलेली नव्हती, गर्भाचे ठोके नव्हते, म्हणून ऑपरेशनऐवजी मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. हे औषध फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणतं, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींची वाढ थांबते. मी बाळासाठी म्हणून रोज सकाळी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी घेत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजपासून ती गोळी बंद." मला वाटतं, त्या एका वाक्याने मला सगळं कळलं. सोनोग्राफीच्या पडद्याने जे कळलं नव्हतं ते.

या औषधामागे आपल्यासारखाच एक देश सोडून गेलेला माणूस आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव. जन्म १८९५, आंध्रातलं भीमवरम. अमेरिकेत लेडर्ले कंपनीत त्यांच्या हाताखालच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत तयार केलं, आणि त्याच्या विरुद्ध काम करणारी औषधंही शोधली. ती आधी ल्यूकेमियाच्या मुलांना दिली गेली. सुब्बाराव १९४८ सालीच गेले. पुढे १९८२ मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट अस्थानिक गर्भधारणेवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि ती पेशंटही इंटरस्टिशियलचीच होती. मला ऑपरेशन टळलं ते या साखळीमुळे. मला कुणाचे आभार मानायचे असतील तर यांचे मानते.

इंजेक्शन एका मिनिटाचं, त्यानंतरची वाट पाहणं मात्र लांबलचक. रक्तातलं एचसीजी नावाचं संप्रेरक पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी मोजतात. माझा पहिला आकडा होता ६,२००. चौथ्या दिवशी ७,१००. आकडा वाढलेला पाहून नवऱ्याचा चेहरा उतरला, पण चौथ्या दिवशी तो वाढू शकतो हे आम्हाला आधी सांगितलं होतं. खरी तुलना चौथ्या आणि सातव्या दिवसाची असते. निदान पंधरा टक्के घट हवी. सातव्या दिवशी आला ६,५००, म्हणजे नऊ टक्केही घट नाही. मग दुसरं इंजेक्शन. त्यानंतर दर आठवड्याला रक्त द्यायचं, आकडा शून्याजवळ येईपर्यंत. मला अकरा आठवडे लागले. आकडा उतरत असतानाही नलिका फुटू शकते, म्हणून या काळात हॉस्पिटलपासून लांब जायचं नाही, जड उचलायचं नाही, ठरलेल्या गोळीशिवाय दुखण्याची दुसरी गोळी घ्यायची नाही. शिवाय उन्हात जायचं नाही, कारण या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. अबुधाबीच्या जुलैमध्ये उन्हात जाऊ नका, या सल्ल्यावर मात्र आम्ही दोघंही हसलो होतो.

मंडळी, रक्ताच्या आकड्यांची चढउतार मला वाचता येत होती, माझा तो रोजचा धंदा आहे. लोकांचं बोलणं वाचणं जास्त अवघड गेलं.

एका बाजूला ओळखीच्या काही जणी होत्या. विमानप्रवास केलास का, पपई खाल्लीस का, ग्रहणात बाहेर पडलीस का. खरं उत्तर असं की नलिकेला पूर्वी झालेला संसर्ग, पूर्वीचं ऑपरेशन, धूम्रपान, वाढतं वय, कृत्रिम गर्भधारणेचे उपचार यांनी धोका वाढतो. पण जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये यांतलं एकही कारण सापडत नाही. पपई त्या यादीत नाही. हे उत्तर देणं सोपं होतं, आणि ते द्यायला आपल्या मंचावर आपण शिकलोच आहोत.

दुसऱ्या बाजूला आपली मंडळी होती, विवेकवादी. त्यांचं बोलणं मला अधिक लागलं. "अगं, ते बाळ नव्हतंच. पेशींचा गोळा होता. तू वाचलीस ना?" वाक्य शास्त्राला धरून आहे. मी शास्त्रज्ञ आहे, मला ते कुणी समजावण्याची गरज नव्हती. पण दुःख करायला आत्म्यावर विश्वास असावा लागतो असं कुठे आहे? मी एका मुलाची वाट पाहत होते. त्याच्यासाठी सुट्टीचा हिशोब केला होता, मुलीला सांगायचं कसं ते ठरवलं होतं. ते सगळं गेलं. आपण कर्मकांडं नाकारतो ते बरोबरच करतो, पण ती नाकारताना माणसाला रडायला जी जागा लागते ती आपण रिकामी ठेवली आहे का, हा माझा आजचा प्रश्न आहे.

माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. त्या देवधर्म करणाऱ्या आहेत. त्यांनी शांत करून घ्या म्हणून फोन केला, तेव्हा मी म्हणाले, "आई, ते मला नाही पटत." त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नको करूस. माझंही एकदा तिसऱ्या महिन्यात पडलं होतं. तुझ्या सासऱ्यांखेरीज कुणाला ठाऊक नाही." त्या दिवशी आम्ही दोघी तासभर बोललो. तिथे शांतही नव्हती आणि शास्त्रही नव्हतं. पण त्या अकरा आठवड्यांत मला सर्वात जास्त बरं वाटलं ते त्या तासाभरात.

आता अभ्यास काय सांगतो ते ऐका. जानेवारी २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी गर्भपात किंवा अस्थानिक गर्भधारणा झालेल्या साडेसहाशेवर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. महिन्याभराने त्यांतल्या २९ टक्के स्त्रियांमध्ये आघातानंतरच्या तणावाची लक्षणं दिसली. नऊ महिन्यांनंतरही हे प्रमाण १८ टक्के होतं. म्हणजे रक्तातला आकडा शून्यावर येऊन कित्येक महिने झाले तरी मनाचा आकडा उतरलेला नसतो. माझाही नव्हता. मला रात्री पोटात कळ आल्याचा भास होई आणि मी दिवे लावून बसे. शेवटी मी समुपदेशकाकडे गेले. सहा बैठकांनंतर झोप लागायला लागली.

अजून एक गोष्ट. मला प्रत्येकाने धीर दिला तो "पुन्हा राहील गं" असा. अस्थानिक गर्भधारणेनंतर सुमारे ६५ टक्के स्त्रियांना दीड वर्षाच्या आत पुन्हा यशस्वी गर्भधारणा होते, हे खरं आहे. पुन्हा तसंच होण्याची शक्यता साधारण दहा टक्के, हेही खरं. आम्ही दोघांनी विचार करून पुन्हा प्रयत्न न करायचं ठरवलं. म्हणजे मी बरी झाले नाही का? झाले. बरं होण्याचा पुरावा म्हणून प्रत्येक बाईने पाळणा हलवून दाखवायलाच हवा असं नाही.

आपण इथे काय करू शकतो, ते थोडक्यात सांगते.

पाळी चुकलेली असताना एका बाजूला पोटात दुखलं, रक्तस्राव झाला, चक्कर आली किंवा खांद्याच्या टोकाला विनाकारण दुखू लागलं, तर सकाळची वाट पाहू नका. खांद्याचं दुखणं पोटात रक्त साठल्याची खूण असू शकते. इथला रुग्णवाहिकेचा नंबर ९९८ आहे, तो घरातल्या मोठ्या मुलांनाही पाठ हवा.

कायदा माहीत असू द्या. इथल्या खासगी क्षेत्रासाठीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात बाळंतपणाची रजा आहे, पण ती सहा महिने पूर्ण झालेल्या गर्भधारणेलाच लागू होते. अस्थानिक गर्भधारणेसाठी आजारपणाची रजाच घ्यावी लागते, त्यातले पहिले पंधरा दिवस पूर्ण पगारी आणि पुढचे तीस अर्ध्या पगारी. आपल्यातले जे मॅनेजर आहेत त्यांच्या हातात यापेक्षा अधिक देणं असतं. त्यांनी ते द्यावं.

आणि शेवटचं. इथे आई, मावशी, वहिनी शेजारच्या गल्लीत नसतात. व्हिसा काढून त्या येईपर्यंत पहिला आठवडा उलटतो. तेव्हा अशा घरी डबा पाठवा, मुलीला शाळेतून आणा, रक्त द्यायला जाताना गाडी चालवायला जा. नवऱ्यालाही विचारा, कारण त्याला कुणीच विचारत नाही. माझ्या नवऱ्याला अकरा आठवड्यांत एकाच माणसाने "तू कसा आहेस?" असं विचारलं, आणि तो आमचा मल्याळी वॉचमन होता. बोलायला शब्द सुचले नाहीत तर "फार वाईट झालं" एवढंच म्हणा. त्याला कुठल्या श्रद्धेची गरज लागत नाही, आणि विवेकालाही ते सोडून नाही.

प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि ज्यांना इथे सर्वांसमोर विचारायचे नसतील त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा.